नगरच्या वाटेवरचे फूल

आमच्या धर्मग्रामात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सेनंतर एक छोटेसे वाचनमंडळ भरते. पंधरा-वीस माणसे, चहा आणि एखादे पुस्तक, एवढाच त्याचा पसारा. मागे एकदा रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या कविता वाचायला घेतल्या होत्या. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने मध्येच विचारले, "टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. ते राहिले मात्र नगर जिल्ह्यात. तिथे त्यांना फुले दिसली कुठे?" सगळे हसले. तेवढ्यात एक वयस्क बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि हे फुले बघत हिंडत होते तेव्हा घरी चूल कोण पेटवीत होते, तेही विचार बाळा." त्या दिवशी दोन्ही प्रश्नांना आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर कपाटातली पुस्तके काढली. पुढील मजकूर हा त्या शोधाचा हिशेब आहे.

प्रवास, निसर्ग आणि निर्मितीची प्रेरणा यांचे नाते आपल्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाला नवे नाही. त्याचा आरंभच मुळी एका लांबच्या प्रवासाने झाला. १५७९ च्या एप्रिलात फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय लिस्बनहून जहाजावर चढले आणि ऑक्टोबरात गोव्यास उतरले. किनाऱ्याला पाय लागून महिना व्हायच्या आतच, १० नोव्हेंबरला, त्यांनी आपल्या वडिलांना एक सविस्तर पत्र लिहिले. त्या पत्रात वारे आहेत, समुद्रातले मासे आहेत, जहाजाभोवती फिरणारे पक्षी आहेत. डोळे उघडे ठेवून प्रवास करणारा हा माणूस पुढे गोव्यातच राहिला, इथल्या लोकांची भाषा शिकला आणि १६१६ साली त्याचे क्रिस्तपुराण छापून निघाले. त्यात मराठीची थोरवी सांगताना त्याने दाखले घेतले ते फुलांतल्या मोगऱ्याचे, सुगंधातल्या कस्तुरीचे, पाखरांतल्या मोराचे. परक्या देशातून आलेल्या माणसाला भाषेचे कौतुक करायला इथलीच झाडेपाखरे आठवावीत, ही गोष्ट आम्हांला व्याकरणाच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा मोठी वाटते.

दुसरा दाखला कादंबरीचा. बाबा पदमनजी १८५४ साली बेळगावास ख्रिस्ती झाले आणि १८५७ साली त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अभ्यासक बहुधा तिचेच नाव घेतात. नावातच पर्यटन आहे. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, आणि गावोगावी त्यांना विधवांची दुःखे दिसतात. मराठी कादंबरीने पहिले पाऊल टाकले ते वाटेवर. मात्र बाबा पदमनजींना वाटेवरची झाडे फारशी दिसत नाहीत, माणसांची दैना दिसते. त्यांच्या प्रवासाला हेतू होता आणि त्या हेतूपुढे त्यांनी निसर्गाला बाजूला ठेवले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. केशवपनाच्या भीतीने थरथरणाऱ्या बाईच्या शेजारी उभे राहून डोंगरांचे वर्णन कोणी करीत नाही.

टिळकांकडे यायचे तर आधी त्यांचे पाय पाहावे लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव हे त्यांचे जन्मगाव. आई गेली तेव्हा ते जेमतेम अकरा-बारा वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी घर सोडले आणि पायी नाशिकची वाट धरली. तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकले. १८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका लक्ष्मीबाई टिळक झाली. लग्नाने पाय बांधले जातात असा एक समज आहे. टिळकांच्या बाबतीत तो खोटा ठरला. नोकरी धरायची आणि सोडायची, बायकोला माहेरी ठेवायची, न सांगता निघून जायचे, कधीतरी परत यायचे. पायी तीर्थे करायची, डोंगर चढायचे, वाटेत भेटेल त्याच्याशी धर्मावर बोलत बसायचे. पैसा हाती आला की तो दुसऱ्याच्या हाती जायचा.

या भटकंतीतला सर्वांत प्रसिद्ध प्रवास मात्र पायी झाला नाही, आगगाडीत झाला. १८९३ साली टिळक नागपुराहून राजनांदगावास चालले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. बोलणे निघाले ते धर्मावरून नव्हे, संस्कृत काव्यावरून. त्या साहेबाला भवभूतीची गोडी होती. मग हळूहळू विषय वळला. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि रोज वाचण्याचे वचन घेतले. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. त्याचे नाव टिळकांना शेवटपर्यंत कळले नाही. आमच्या मते मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा सहप्रवासी असावा, आणि त्याच्याविषयी आपल्याजवळ एक तिकीटसुद्धा नाही!

वचनाप्रमाणे टिळक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांनी त्यांना धरून ठेवले, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. इथे आम्हांला एक तर्क करावासा वाटतो. तो तर्कच आहे, पुरावा नव्हे. त्या सहाव्या अध्यायात काय आहे? आकाशातली पाखरे आहेत, पेरणी न करणारी. आणि रानातली फुले आहेत, सूत न कातणारी. बालपणापासून रानोमाळ हिंडलेल्या, पेरणी-कापणीचा हिशेब कधीच न जमलेल्या या माणसाला ते शब्द वाचताना काय वाटले असेल? ज्या भटकेपणाबद्दल घरादाराने आयुष्यभर बोल लावले, त्या भटकेपणाला इथे कोणीतरी नाव घेऊन हाक मारीत होते. टिळकांच्या कवितेत पुढे फूल आणि पाखरू पुन्हा पुन्हा येतात. शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेली जखमी पक्षिणीची 'केवढे हे क्रौर्य', 'रानात एकटेच पडलेले फूल', दीर्घ कविता 'वनवासी फूल', आणि 'पाखरा! येशील कधी परतून?' ही आर्त हाक. या पाखरांतले एखादे तरी मत्तयाच्या रानातून उडून आले असावे, असे आम्हांला वाटत राहते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनने त्यांना नगरला आणले. हे मिशन नगरात १८३१ पासून होते. 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ साली नगरातच निघाले आणि पुढे १९१२ पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांनी केले. नगरच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात ते शिकवीत. म्हणजे पंथाने ते आपले नव्हते. आमच्या लहानपणी काही घरांतून त्यांचे नाव जरा आखडते घेत असत, आणि त्याच वेळी त्यांची भजने मात्र मोकळ्या गळ्याने म्हटली जात. कोणाची आहेत हे म्हणणाऱ्यांना ठाऊक नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपली उपासना मराठीत आली तेव्हा मराठी मनाला ओळखीचा वाटणारा सूर आधीच तयार होता. तो ज्यांनी तयार केला त्यांत टिळक अग्रभागी होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते म्हणत. आपल्या धर्मांतराचे वर्णन करतानाही त्यांना आठवला तो पूल. वाटेवरच्या माणसाची उपमा वाटेवरचीच.

आता त्या मुलाचा प्रश्न. आज राहुरी, श्रीरामपूर, राहाता या बाजूने बसने जाणाऱ्याला दोन्ही हातांना ऊस दिसतो. हा हिरवेपणा जुना नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांनी खाली आले, मग हरिगावच्या बाजूला साखरेचे कारखाने आले, १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला. सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला हरिगावी जाणारे आपण उसातून जातो. टिळक राहुरीत राहिले तेव्हा, म्हणजे १९०० च्या आगेमागे, यांतले काहीही नव्हते. तेव्हा मुळा वाहिली तर पावसाळ्यात, आणि नंतर वाळू. जिल्हा एकच असला तरी त्याच्या पश्चिमेला अकोल्यात कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर ढगात असते, घाटघरला धो धो पाऊस कोसळतो. आणि तिथून पूर्वेला उतरत नगर, पाथर्डी, जामखेडकडे आले की वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी आभाळाला हात जोडतो. टिळकांचे नगर हे या कोरड्या बाजूचे. या तालुक्यांनी तो १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ पाहिला. त्या दुष्काळात पोरकी झालेली मुले मिशनने सांभाळली, आणि टिळकांच्या घरानेही राहुरीत अशा मुलांना सांभाळले.

मग फुले कुठली? जो नगरच्या माळावर चालला आहे त्यालाच ती ठाऊक. पहिल्या दोन पावसांनंतर बांधाबांधाला तरवड पिवळाधमक होतो. बाभळीवर पिवळे गोळे लागतात. श्रावणाच्या सुमारास कुर्डू गुलाबी-पांढरे तुरे काढतो. ज्वारीच्या कडेने पेरलेली करडई थंडीत फुलते, काट्यांसकट. यांतले एकही फूल बागेतले नाही, कोणी मुद्दाम पाहायला जात नाही, आणि कोणी न पाहताच ते सुकते. कोकणातून आलेल्या, हिरवाईची मोजदाद न करण्याची सवय असलेल्या डोळ्यांना माळावरचे एकटे फूल किती मोठे दिसले असेल! 'वनवासी फूल' या कवितेत कवी रानात फुललेल्या एकाकी फुलाशी बोलतो. ती कविता घनदाट अरण्यात बसून सुचली असेल, असे आम्हांला पूर्वी वाटत असे. आता तसे वाटत नाही. अरण्यात एक फूल नजरेत भरत नाही. ते भरायला उघडा माळ लागतो.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर अधिक अवघड आहे. ते द्यायला 'स्मृतिचित्रे' उघडावी लागतात. टिळक गेल्यावर मुलगा देवदत्त यांनी वडिलांच्या चरित्राची जुळवाजुळव चालवली आणि आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. त्या आठवणींचेच १९३४ ते १९३६ या काळात पुस्तक झाले, आणि ते टिळकांच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त वाचले गेले. नवऱ्याने घरातल्या घरात अक्षर-ओळख करून दिलेल्या बाईने हे लिहिले! त्यात ती नवऱ्याची तक्रार करीत नाही, पण काही लपवीतही नाही. कवी निघून गेल्यावर मागे राहिलेल्या बाईला शेजारी काय म्हणतात, घरात किती दाणे उरलेले असतात, मुलाचे आजारपण एकटीने कसे काढावे लागते, हे ती हसत हसत सांगते. आणि वाचणाऱ्याच्या घशात मात्र काहीतरी अडकते. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर चार-पाच वर्षे ती त्यांच्यापासून दूर राहिली. त्या काळात टिळकांच्या मनात काय चालले होते ते त्यांच्या कवितांत उमटले. तिने काय सोसले ते कळायला महाराष्ट्राला आणखी पस्तीस-एक वर्षे थांबावे लागले.

शेवटी ती नगरला आली. आली तीही आपले सोवळे घेऊनच. आणि मग त्या नगर-राहुरीच्या दिवसांत तिचाही एक प्रवास झाला, नकाशावर न दिसणारा. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नावर तिने एकटीने विचार केला, कोणाच्या उपदेशावाचून. उत्तर मिळाल्यावर तिने कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. १९०० साली राहुरीस तिचा बाप्तिस्मा झाला. टिळकांना इथवर यायला आगगाडी, अनोळखी साहेब आणि दोन वर्षांचे वाचन लागले. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या विचाराच्या पायांनी. यांतला कोणता प्रवास लांबचा, हे ठरवण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. मंडळातल्या बाई मात्र क्षणाचाही विलंब न लावता ठरवतील.

या घरात आणखी एक पाखरू येऊन राहिले. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले होते. टिळकांनी त्यात पुढाकार घेतला होता. सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे याने तिथे कविता म्हटली, अध्यक्ष कर्नल कीर्तिकर खूश झाले आणि त्याला 'बालकवी' हे नाव मिळाले. टिळकांनी या मुलाला आपल्या घरी नगरला आणले. 'फुलराणी', 'औदुंबर', 'श्रावणमास' लिहिणारा हा निसर्गाचा कवी काही काळ नगरच्या ख्रिस्ती घरात, मिशनच्या आवारात, लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवून वाढला, ही गोष्ट आपल्या घरांतून पुरेशी सांगितली जात नाही. 'स्मृतिचित्रां'तले ठोमरे पाहावे: रुसणारा, हट्टी, क्षणात हसणारा, पोरांत पोर होणारा. टिळकांनी त्याला कवी म्हणून जपले. त्याला मूल म्हणून सांभाळले ते लक्ष्मीबाईंनी. धर्म बदलण्याची अट त्या घरात नव्हती. बालकवी हिंदूच राहिले. ५ मे १९१८ रोजी खानदेशात भादली स्थानकावर आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. वय सत्तावीस. त्यानंतर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस टिळकही गेले. ज्या आगगाडीने एका कवीला नवा जन्म दिला, तिनेच दुसऱ्याला नेले. हा योगायोग आम्ही नुसता नोंदवतो. त्याचा अर्थ लावण्याची आमची छाती होत नाही.

नगरच्या भूमीत लिहिणाऱ्यांचा धागा याहूनही जुना आहे. प्रवरेकाठी नेवाशाला आजही तो पैस खांब दाखवतात, ज्याला टेकून ज्ञानदेवांनी १२९० च्या सुमारास भावार्थदीपिका सांगितली असे परंपरा मानते. आपेगाव, आळंदी, पैठण असे हिंडून थकलेला तो मुलगाही एका खांबाशी येऊन बसला तेव्हा ग्रंथ झाला. आणि अलीकडचे पाहायचे तर नगरचा किल्ला. ऑगस्ट १९४२ मध्ये तिथे काँग्रेसच्या पुढाऱ्यांना कोंडले. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत तिथेच 'भारताचा शोध' लिहिला. कोठडीपुढची कोरडी माती खणून त्यांनी फुलझाडे लावली होती, हे पुस्तकाच्या आरंभीच त्यांनी सांगून टाकले आहे. मौलाना आझादांनी 'गुबारे खातिर' मधल्या पत्रांत खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांची हकीगत लिहिली. पत्रे धाडता येत नव्हती, आणि याच कैदेत असताना, १९४३ साली, त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली. म्हणजे प्रवास बंद झाला, भिंती आल्या, तरी मूठभर माती आणि दोन चिमण्या पुरल्या. आमच्या मुलाच्या प्रश्नाला हेही एक उत्तर आहे.

टिळकांकडे परत येऊ. शेवटच्या वर्षांत, १९१७ साली, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला आणि पुन्हा वाटेवर आले, यावेळी संन्यस्त वृत्तीने. पन्नाशी उलटून गेली होती, प्रकृती ढासळत होती. पाय मात्र तेच. मागे घर होते, घरात लक्ष्मीबाई होत्या, आणि मेजावर 'ख्रिस्तायन' अपुरे होते. स्टीफन्सनंतर तीनशे वर्षांनी मराठीत ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य लिहायला घेतले, पण जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले. चालणाऱ्या माणसाला बसून ग्रंथ पुरा करणे जमले नाही, असे म्हटले तर ते फार कठोर होईल का? आम्हांला वाटते, लक्ष्मीबाईंनी ते वाक्य ऐकून घेतले असते आणि वर एक चिमटाही काढला असता.

नातवाने, अशोक देवदत्त टिळकांनी, आजोबांच्या आयुष्यावर पुढे 'चालता बोलता चमत्कार' ही कादंबरी लिहिली. नावातला पहिला शब्द त्यांनी अचूक निवडला. पण ते राहिलेले महाकाव्य पुरे करायला आजीच बसली. कुठल्या डोंगरावर जाऊन नव्हे. संसार, मुले-नातवंडे, पाहुणे, कराचीपर्यंतची बिऱ्हाडे हे सगळे सांभाळून, उतारवयात, तिने 'ख्रिस्तायना'चे ६४ अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. ग्रंथ छापून बाहेर आला १९३८ साली.

पुढच्या रविवारी हे सगळे आम्ही मंडळात वाचून दाखवले. मुलाने तरवडाचे फूल पाहिलेले नव्हते; पाऊस पडला की त्याला घेऊन नगरच्या बाजूला एकदा जायचे ठरले आहे. बाईंनी काही न बोलता आमची 'स्मृतिचित्रां'ची प्रत मागून घेतली. तिला आता तीन महिने झाले. विचारले की म्हणतात, "सून वाचते आहे."